कौलं कोरडी, तक्तपोशी ओली : माळ्यावरच्या जुन्या डक्टविषयी वाचकांचे प्रश्न

जुन्या कौलारू घरांत तक्तपोशीच्या (लाकडी फळ्यांच्या छताच्या) वर, माळ्यावर, एसीची हवा वाहून नेणारे पत्र्याचे डक्ट टाकायची पद्धत गोव्यात बरीच रुळली. त्यातले पुष्कळ डक्ट आता पंधरा-वीस वर्षांचे झाले आहेत. या वेळच्या पत्रांतली बहुतेक त्यांच्याबद्दलचीच आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमचं घर जुनं, चिऱ्याच्या भिंतींचं. २००४ साली हॉल आणि दोन खोल्यांसाठी साडेपाच टनी डक्टेबल एसी बसवला. डक्ट तक्तपोशीवरून गेला आहे, त्यावर चंदेरी कागदाचं ग्लासवूल आहे. गेली दोन वर्षं जुलै-ऑगस्टमध्ये फळ्यांतून पाणी ठिबकतं. ऐन चवथीला गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बादली ठेवावी लागली. दोनदा कौलं चाळून घेतली, फुटकी बदलली, कोन्यांना चुना केला. पाणी थांबत नाही. — वाचक, लोटली

उत्तर : कौलं आणखी चाळू नका. तुमच्या वर्णनावरून हे पाणी पावसाचं नसून हवेतलं असावं. खात्री करायला एक पैसाही लागत नाही. भर पावसाचे दोन दिवस एसी पूर्ण बंद ठेवा. ठिबकणं थांबलं तर कौलांचा दोष नाही. मग एसी सुरू करा आणि घड्याळ बघा. दोन-तीन तासांनी पुन्हा थेंब दिसले आणि ते डक्टच्या रेषेतच असले तर निदान पक्कं. पाण्याच्या रंगावरून ठरवू नका. ग्लासवूलमधून झिरपलेलं पाणीही पिवळट-तपकिरी येतं आणि माणूस कौलाची माती समजून गवंड्याला बोलावतो.

कारण असं. ३२ अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू २८ अंशांच्या आसपास असतो. म्हणजे माळ्यावरची जी वस्तू २८ अंशांपेक्षा थंड असेल तिला घाम सुटणार. तुमच्या डक्टमधून वाहते १२ ते १४ अंशांची हवा. त्यामुळे आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग २८ च्या वर राहिला पाहिजे, एवढीच अट. त्या हवेत साधारण हिशेब केला तर १३ मिमी जाडीच्या नायट्राइल रबराच्या आवरणाचा बाहेरचा पृष्ठभाग २६ अंशांवर राहतो, १९ मिमीचा साडेसत्तावीसवर, आणि २५ मिमीचा २८ च्या जेमतेम वर. म्हणून कोरड्या गावात चालणारं १३ मिमीचं आवरण इथे चालत नाही. दुकानदार ‘सगळीकडे हेच जातं’ म्हणाला तरी नाही.

चंदेरी कागदाबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो चमकदार असल्यामुळे आजूबाजूची उष्णता कमी शोषतो, म्हणून त्याचा पृष्ठभाग काळ्या रबरापेक्षा थंड राहतो आणि घाम लवकर धरतो. म्हणजे तुमचं २५ मिमीचं ग्लासवूल नवं होतं तेव्हाही वाईट दिवसांत काठावरच होतं. त्यात डक्टच्या चार कोपऱ्यांवर ओढून बसवताना ते दाबून निम्मं होतं. कागदाला एक चीर पडली, एक टेप सुटली, की दमट हवा आत शिरून थेट थंड पत्र्यापाशी पोचते आणि ग्लासवूल भिजतं. भिजलेलं ग्लासवूल उष्णता अडवत नाही. मग अजून घाम, अजून ओल. वीस वर्षांत ते बोळ्यासारखं तळाशी साचतं आणि सर्वांत खालच्या जागी ठिबकतं. ती जागा मूळ चिरेपासून दोन मीटर लांबही असू शकते.

आता क्रमाने काय बघायचं ते.

सगळ्यात आधी फिल्टर आणि कॉइल. फिल्टर तुंबला की हवा कमी वाहते, कमी हवा जास्त थंड होते, आणि १३ अंशांच्या जागी ८-९ अंशांची हवा डक्टमध्ये जाते. एवढ्यानेच बरा असलेला डक्टसुद्धा घामाघूम होतो. पावसाळ्यात फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुवा. रिमोटवर १८ लावायची सवय असेल तर ती सोडा. २५-२६ ठेवा आणि पंखा जोरात.

दुसरं, मशीनचं निचऱ्याचं पाणी. साडेपाच टनी यंत्र पावसाळ्यात तासाला सात-आठ लिटर पाणी काढतं. नळी शेवाळाने तुंबली तर ते सगळं तुमच्या तक्तपोशीवर. ब्लोअर मशीन माळ्यावर असेल तर नळीला मीटरमागे किमान १ सेंमी उतार हवा आणि मशीनजवळ यू-ट्रॅप (नळीचं यू आकाराचं वळण) हवा. मशीनच्या आत हवेची ओढ असते. ट्रॅप नसेल तर ती नळीतून हवा आत खेचते आणि पाणी ट्रेमध्येच उभं राहतं. मशीनच्या खाली ॲल्युमिनियमचा दुसरा ट्रे ठेवून त्यात फ्लोट स्विच बसवा, म्हणजे पाणी चढलं की मशीन आपोआप बंद पडेल. स्विच किरकोळ किमतीचा असतो, जुन्या तक्तपोशीची फळी तशी मिळत नाही.

तिसरं, टांगण्या. डक्ट लोखंडी अँगलवर टेकवून दांडीने टांगलेला असतो. अँगल पत्र्याला थेट चिकटला असेल तर थंडी त्यातून बाहेर येते आणि प्रत्येक टांगणीखाली ओला ठिपका दिसतो. तक्तपोशीवरचे डाग समान अंतरावर असतील तर ९० टक्के वेळा हेच. पत्रा आणि अँगल यांच्यात कठीण फोमचा किंवा लाकडाचा ठोकळा हवा आणि आवरण त्याच्या दोन्ही बाजूंना चिकटून यायला हवं.

या वर्षीपुरती मलमपट्टी म्हणून फाटलेल्या जागा पुसून, सुकवून ॲल्युमिनियम टेप मारा. पण भिजलेल्या ग्लासवूलवर नवा रबर गुंडाळू नका. आतली ओल कोंडते आणि पत्रा आतून गंजतो. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की जुनं आवरण पूर्ण उतरवा, पत्रा धुऊन दोन दिवस वाळू द्या, गंज तारेच्या ब्रशने काढून झिंक प्रायमर लावा, सगळे सांधे सील करा आणि मग २५ मिमी जाडीचं बंद पेशींचं नायट्राइल रबर चिकटवा. गोंद दोन्ही पृष्ठभागांवर लावायचा, हाताला चिकटेनासा झाला की मगच जोडायचं. घाई केली तर सांधा महिन्यात उघडतो. रबर ताणून कधीच चिकटवू नका. उलट प्रत्येक तुकडा मापापेक्षा ५ मिमी जास्त लांब कापा, म्हणजे सांधा दाबून बसेल. गोंदाची वाफ पेट घेते. माळ्यावर विडी नाही, उघडा बल्ब नाही.

आणि हेही सांगितलं पाहिजे. ९५ टक्के आर्द्रतेच्या रात्री २५ मिमीसुद्धा थोडं ओलसर होईल. तेवढा घाम सकाळी वाळतो. ठिबकत नाही तोवर त्याच्या मागे लागू नका.

प्रश्न : तंत्रज्ञ म्हणतो, ‘सगळं काढून नवं टाका.’ दुसरा म्हणतो, ‘टेप मारली की झालं.’ आम्ही कोणाचं ऐकावं? डक्ट अठरा वर्षांचा. हॉल गार होतो, पण चिकचिक जात नाही. — वाचक, मडगाव

उत्तर : दोघांचंही नाही, आधी स्वतः वर जाऊन बघा. पण घरचा मेन स्विच पाडून. जुन्या माळ्यांवर लाकडी पट्टीतली वायर अजून असते आणि तिचं रबर हात लावताच गळून पडतं. पाय तुळयांवरच ठेवा. तक्तपोशीच्या फळ्या माणसाचं वजन घेण्यासाठी ठोकलेल्या नसतात; १८ मिमी प्लायची दोन फूट रुंद पट्टी तीन तुळयांवर टेकवून तिच्यावरून सरका. उंदरांच्या लेंड्या असतील तर कोरड्या झाडू नका. एक भाग ब्लीच, दहा भाग पाणी फवारून दहा मिनिटांनी ओल्या फडक्याने उचला. मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच.

मग दोन ठिकाणी आवरण कापून पत्रा उघडा करा. एक ठिकाण मशीनजवळ, दुसरं डक्टच्या तळाशी, जिथे डाग सर्वांत गडद आहे. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने जोर देऊन दाबा. पांढरी भुकटी किंवा वरवरचा तांबूस गंज असेल तर डक्ट वाचतो. टोक आत घुसलं, किंवा पत्रा पापुद्रे सोडत असेल, तर तो तुकडा बदलायचा. फ्लँज (सांध्याची कड) ते फ्लँज एक-दोन तुकडे गेले असतील तर तेवढेच बदला. तिसऱ्या हिश्शाहून जास्त गेलं असेल तर जोडाजोडीत मजुरीच जास्त पडते. सगळा नवा करा. डक्टच्या आतून आवाज कमी करायला ग्लासवूल चिकटवलेलं असेल आणि ते काळं पडलं असेल, तर पत्रा कितीही चांगला असो, ते स्वच्छ होत नाही. आत औषधी धूर सोडून ‘जंतुनाशक सफाई’ करणाऱ्यांना पैसे देऊ नका. मशीनला जोडणारं जुनं करडं कापड ॲस्बेस्टॉसचं असू शकतं. शंका असेल तर ते फाडू नका, घासू नका. पाण्याने भिजवून अखंड सोडवून दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधा, तेही हे काम माहीत असलेल्या माणसाकडून.

चिकचिकीचं कारण बहुधा गळती. ब्लोअर लावून (फक्त पंखा, थंडावा नाही) प्रत्येक सांध्याजवळ पेटती अगरबत्ती फिरवा. पुरवठ्याच्या (खोलीकडे हवा नेणाऱ्या) डक्टवर धूर उडून जाईल, परतीच्या (यंत्राकडे हवा परत आणणाऱ्या) डक्टवर आत ओढला जाईल. साडेपाच टनी यंत्र मिनिटाला २२०० घनफूट हवा ढकलतं. त्यातली दहा टक्के माळ्यावर गळली तर २२० घनफूट हवा घरातून कमी होते, आणि तेवढीच बाहेरची दमट हवा दारांच्या फटींतून, तक्तपोशीच्या सांध्यांतून आत येते. एसी तुमच्या घरासाठी कमी, पावसासाठी जास्त राबतो.

परतीच्या बाजूची गळती याहून वाईट. काही ठिकाणी परतीचा डक्टच नसतो. तक्तपोशीला जाळी पाडून माळ्याची पोकळीच ‘रिटर्न’ म्हणून वापरलेली असते. काँक्रीटच्या ऑफिसात हे चालतं. कौलाखाली मात्र यंत्र एप्रिलमध्ये चाळिशी ओलांडलेली हवा ओढतं, जुलैत पाऊसच ओढतं, आणि सोबत उंदरांचा वास. अशी रचना असेल तर दुसरं काहीही करण्याआधी परतीचा बंद डक्ट करून घ्या.

सील कशाने करायचं? फट ३ मिमीपर्यंत असेल तर ब्रशने लावायचं डक्ट मॅस्टिक, नाण्याच्या जाडीचा थर. त्याहून मोठी असेल तर आधी फायबरची जाळीपट्टी, तिच्यावर मॅस्टिक. करड्या रंगाची कापडी ‘डक्ट टेप’ डक्टवर वापरू नका. १९९८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेने निरनिराळे सीलंट उष्णतेत तपासले तेव्हा ही नावाचीच डक्ट टेप नापास झाली. तिचा गोंद वाळून सुटतो. ॲल्युमिनियमची टेप चालते, पण पत्रा धुऊन, कोरडा करून, रबरी पट्टीने घासून बसवली तर. धुळीवर मारलेली टेप धुळीलाच चिकटते.

प्रश्न : साडेपाच टनी मशीन ठेवून पूर्ण डक्ट नवा करायचं ठरलं आहे. मुख्य डक्ट सुमारे ६ मीटर. ठेकेदार चौरस मीटरवर दर सांगतो, पण माप कसं काढलं ते सांगत नाही. किती माल लागेल आणि काय तपासायचं? — वाचक, फोंडा

उत्तर : टनामागे ४०० घनफूट धरा, म्हणजे मिनिटाला २२००. घरात मुख्य डक्टमध्ये हवेचा वेग ९०० फूट प्रतिमिनिटच्या वर नको, नाहीतर रात्री सूं-सूं ऐकू येते. त्या हिशेबाने ६०० × ३७५ मिमीचा डक्ट पुरतो. घेर १.९५ मीटर, लांबी ६ मीटर, म्हणजे पत्रा ११.७ चौ.मी. दुमड, फ्लँज आणि लहान होत जाणारे तुकडे यांसाठी वीस टक्के धरून १४. आठ बाय चार फुटी पत्रा जवळपास ३ चौ.मी.चा असतो, म्हणजे पाच पत्रे. ठेकेदाराने २२ चौ.मी. लावले असतील तर कागदावर आकृती मागा.

या मापाला २४ गेज, म्हणजे ०.६३ मिमी जाडी हवी. भारतीय मानक ६५५ प्रमाणे ७५० मिमी रुंदीपर्यंत हीच जाडी. मायक्रोमीटरने मोजा, २६ गेजचा पत्रा ०.५ मिमी असतो आणि डोळ्यांना फरक कळत नाही, पण ब्लोअर सुरू होताना तो ‘ढब्ब’ असा वाजतो. जस्ताचा लेप चौरस मीटरला २७५ ग्रॅमचा मागा. १२० ग्रॅमवाला स्वस्त पडतो, मात्र त्याच्यावर एका बाजूला ८-९ मायक्रॉनच जस्त असतं, २७५ वाल्यावर १९ च्या आसपास. गोव्यात हा फरक आयुष्याचा फरक आहे.

आवरण पत्र्याच्या बाहेरून मोजायचं असतं. २५ मिमी जाडीमुळे घेर २.१५ मीटर होतो, म्हणून १३ चौ.मी., तुकडे-वाया धरून १५.

पाच पत्रे प्रत्येकी १५ किलो, म्हणजे ७५ किलो, वर फ्लँज आणि आवरण. हे वजन वाशांवर किंवा रिपांवर कधीच टांगू नका, तुळईवर टांगा. दर १.८ मीटरला दोन दांड्या, ८ मिमीच्या. सहा मीटरला चार जोड्या पुरतात. टांगण्याआधी तुळई भिंतीत जिथे घुसते तिथे पेचकसाने टोचून बघा. वाळवी तिथूनच सुरू होते, मधे लाकूड शाबूत दिसतं. तुळई संशयास्पद असेल तर पत्र्याऐवजी दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियम कागद असलेल्या २० मिमी फोमच्या तयार पॅनेलचा डक्ट घ्या. चौरस मीटरला पत्रा ५ किलो, तर हे पॅनेल दीड किलोच्या आत. सुरीने माळ्यावरच कापून जोडता येतं आणि वेगळं आवरण लागत नाही. दोष एकच, पण मोठा: उंदीर ते कुरतडतात.

पत्र्याचे तुकडे चार फुटी असतात. माळ्याचं दार दोन फुटी असेल तर ते सहसा आत जात नाहीत. दोन उपाय. एक, प्रत्येक तुकडा दोन ‘एल’ आकाराच्या अर्ध्यांत आणायचा आणि वर लॉक ठोकायचा. दुसरा, कौलं उतरवून वरूनच सोडायचा. मंगळुरी कौलं चौरस मीटरला पंधरा-सोळा बसतात, तेव्हा दीड चौरस मीटरचं तोंड उघडायला पंचवीसेक कौलं काढावी लागतात. घर शाकारायचं असेल त्याच आठवड्यात डक्टचं काम लावा, एकाच परांचीवर दोन कामं होतात.

परतीच्या जाळीकडे कोणी लक्ष देत नाही. २२०० घनफुटांना साडेपाच-सहा चौरस फूट जाळी लागते, म्हणजे ९०० × ६०० मिमी. ठेकेदार दोन बाय दोन फुटांची बसवतात. मग ती शिट्टी वाजवते आणि यंत्राचा श्वास कोंडतो.

खोल्यांकडे जाणाऱ्या डक्टच्या फांद्यांना प्रत्येकी एक डॅम्पर (हवा कमी-जास्त करायची झडप) हवा, आणि त्याची मूठ आवरणाच्या बाहेर दिसली पाहिजे. आवरणाखाली गाडलेला डॅम्पर कोणी पुन्हा हलवत नाही. पैसे देण्याआधी, आवरण चढण्यापूर्वी, अगरबत्तीची चाचणी तुमच्यासमोर करून घ्या. नंतर सगळं काळं रबर दिसतं आणि सगळं छानच दिसतं.

प्रश्न : होमस्टेच्या खोल्यांना लवचीक गोल डक्ट आहेत. उंदरांनी दोनदा फाडले. एका खोलीत हवा नीट येतच नाही. — वाचक, म्हापसा

उत्तर : हवा न येणं आणि उंदीर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कारण बहुतेक वेळा लांबी. दीड मीटर पुरेल तिथे चार मीटरचा अख्खा नळा सोडून उरलेला माळ्यावर वेटोळं करून ठेवलेला असतो. लवचीक डक्ट पूर्ण ताणून बसवला तरच आतून गुळगुळीत राहतो; सैल राहिला की आतल्या घड्याच हवा अडवतात. फांदीला दीड मीटरहून जास्त वापरू नका, पुढचं अंतर पत्र्याने काढा. वळणाची त्रिज्या किमान डक्टच्या व्यासाएवढी ठेवा. दर दीड मीटरच्या आत आधार द्या आणि मीटरमागे ४ सेंमीपेक्षा झोळ नको. आधार तारेचा देऊ नका, ती आवरणात रुतते आणि तिथेच घाम धरतो. दीड इंच रुंद पट्टी वापरा. कॉलरवर (नळा बसवायच्या पत्र्याच्या तोंडावर) आतला नळा ५ सेंमी चढवून, मॅस्टिक लावून, पट्ट्याने आवळा. मग ग्लासवूल आणि बाहेरचं आवरण त्याच्यावर ओढून स्वतंत्र पट्टा. दोन्ही एकाच पट्ट्यात आवळले की कॉलर उघडी राहते आणि डिफ्यूझरभोवती (खोलीत हवा सोडणाऱ्या छतातल्या जाळीभोवती) तक्तपोशीवर काळं वर्तुळ उमटतं.

उंदरांसाठी विष माळ्यावर ठेवू नका, मेलेला उंदीर डक्टमध्येच सापडतो. भिंतीचा माथा आणि कौलं यांच्यातली फट ६ मिमी छिद्रांच्या वेल्डेड जाळीने बंद करा. १२ मिमीची जाळी मोठ्या उंदराला अडवते, लहान उंदराला नाही. घरावर टेकलेल्या माडाच्या झावळ्या आणि आंब्याच्या फांद्या छाटा. जाळी लावायच्या आधी आत उदमांजर राहत नाही ना हे पाहा. ते वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. कोंडून मारलं तर वासाचाही त्रास आणि कायद्याचाही. रात्री ते बाहेर पडतं, तेव्हा शेवटची फट बुजवा.

प्रश्न : आमचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आठ वर्षांत जी.आय. (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडी पत्र्याच्या) डक्टचे स्क्रू गळून पडले, पत्रा मात्र बरा आहे. — वाचक, काणकोण

उत्तर : स्क्रू साध्या लोखंडाचे, पातळ मुलाम्याचे असणार. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे वापरा. नवा डक्ट करायची वेळ आली तर ॲल्युमिनियम घ्या, पण जी.आय.पेक्षा एक पायरी जाड, म्हणजे २४ च्या जागी २२ गेज, आणि सांध्यांना ॲल्युमिनियमचेच रिव्हेट. मशीनची तांब्याची नळी ॲल्युमिनियमला टेकू देऊ नका. खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियमला भोकं पडतात. जी.आय.चे नवे पत्रे अंगणात एकावर एक रचून पावसात ठेवले तर आठवड्यात पांढरा गंज धरतो. असे पत्रे परत पाठवा.

प्रश्न : न्हाणीचा एक्झॉस्ट आणि स्वयंपाकघरातली चिमणी, दोन्हींचे पाइप माळ्यावर सोडले आहेत. ‘कौलातून हवा निघून जाते’ असं सांगितलं होतं. वाशांवर बुरशी आली आहे. — वाचक, डिचोली

उत्तर : वाफ कौलातून निघून जात नाही, कौलाखाली गार लाकडावर बसते. दोन्ही पाइप बाहेर काढा, आणि वेगवेगळे. न्हाणीसाठी पी.व्ही.सी.चा गुळगुळीत पाइप बाहेरच्या बाजूला थोडा उतरता ठेवा, म्हणजे आत जमलेलं पाणी पंख्यावर येणार नाही. चिमणीचा पाइप ६ इंची असेल तर शेवटपर्यंत ६ इंचीच, कुठेही ४ इंची करायचा नाही. दोनपेक्षा जास्त वळणं नकोत. तेलाचा थर बसतो म्हणून तो पत्र्याचा हवा, प्लास्टिकचा मुळीच नको. लाकडी वाशापासून अंतर ठेवा आणि वर्षातून एकदा उघडून साफ करा. बाहेरचं तोंड वाऱ्याच्या पावसाकडे, म्हणजे नैर्ऋत्येला, काढू नका.

न्हाणीत गॅस गीझर असेल तर त्याचा धूर यांपैकी कोणत्याही पाइपात जोडू नका. चिमणी जोरात सुरू असताना तो धूर उलटा खोलीत खेचला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वास नाही. त्याला स्वतःची सरळ नळी द्या, आणि जमलं तर गीझरच न्हाणीबाहेर बसवा.

प्रश्न : एवढा खर्च करण्यापेक्षा डक्ट काढूनच टाकावा का? — वाचक, चिंचिणी

उत्तर : खोल्या तीनच असतील आणि तुळया जुन्या, तर आमचं मत हो. कौलाखालचा माळा ही थंड हवा वाहून न्यायला घरातली सर्वांत वाईट जागा आहे. मे महिन्यात ती सर्वांत तापते, जुलैत सर्वांत दमट असते. खोलीला एक इन्व्हर्टर स्प्लिट लावली की हे सगळं प्रकरण भिंतीवर, हाताच्या अंतरावर येतं, आणि रिकाम्या खोल्या गार करायला लागत नाहीत. चौदा-पंधरा फूट उंच खोलीत यंत्र छताजवळ न लावता आठ फुटांवर लावा. थंड हवा खाली राहते, वरची गरम हवा वरच राहू दे.

डक्ट ठेवण्याजोगी एकच परिस्थिती: हॉल मोठा, भिंतींवर जुनं रंगकाम किंवा कोरीव लाकूड, आणि पांढरी यंत्रं दिसायला नकोत. तेव्हा डक्ट फक्त हॉलपुरता ठेवा, खोल्यांच्या फांद्या कापून तोंडं पत्र्याने बंद करा. नुसती चिंधी कोंबू नका. फांद्या बंद केल्या की २२०० घनफूट हवा एकट्या हॉलच्या जाळ्यांतून जायला बघते, म्हणून ब्लोअरची गती उतरवून घ्या. गती उतरली की हवा जास्त थंड होते आणि लोटलीच्या वाचकांचा प्रश्न तुमच्याकडे येतो. तेव्हा यंत्र बदलायची वेळ आली असेल तर साडेपाचऐवजी तीन टनी घ्या आणि डक्टवर २५ मिमी रबर आधी चढवा. काढलेल्या डिफ्यूझरच्या भोकांवर जुन्याच लाकडाच्या फळ्या बसवा. नव्या फळीचा रंग चार पावसाळे तरी जुळत नाही.